कार्बाइडचा आंबा, इथिलीनचा आंबा आणि आढीतला आंबा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दर एप्रिल-मेमध्ये कार्बाइडने पिकवलेले आंबे जप्त केल्याच्या बातम्या येतात. दुकानदार म्हणतो, "आमचे इथिलीनचे आहेत, काळजी नको." पण इथिलीन हेही केमिकलच. मग दोन्हींत फरक काय, घरी ओळखायचं कसं, आणि चार वर्षांच्या मुलीला आमरस द्यायचा की नाही?

आमरस जरूर द्या. बाकीच्या दोन प्रश्नांना मात्र सविस्तर उत्तर हवं, कारण त्यावर अर्धवट माहिती फार फिरते. मी सव्वीस वर्षं फळांच्या काढणीनंतरच्या कामात आहे. त्यातली निम्मी वर्षं कोकणातल्या पॅकहाउसमध्ये, म्हणजे फळं निवडून पेट्या भरतात तिथे, आणि निम्मी नवी मुंबईत, पिकवणगृहांच्या दारात गेली. पिकवणगृह म्हणजे ज्याला बाजारात सगळे रायपनिंग चेंबर म्हणतात ते.

पहिली गोष्ट म्हणजे इथिलीन आंब्याला बाहेरून शिकवावं लागत नाही. तो वायू आंबा स्वतः तयार करतो. झाडावरून उतरवलेला तयार आंबा श्वास घेत असतो, ऑक्सिजन आत, कार्बन डायऑक्साइड बाहेर. पिकायची वेळ आली की त्याच्या पेशी मेथिओनिन नावाच्या अमिनो आम्लापासून दोन-तीन पायऱ्यांत इथिलीन बनवू लागतात. सुरुवातीला अगदी किंचित. मग त्या किंचित इथिलीनमुळेच आणखी इथिलीन बनायला लागतं, आणि एकदा हे चक्र सुरू झालं की मागे फिरत नाही. श्वासाचा वेग एकदम चढतो. पेटीत हात घातलात तर मधल्या आंब्यांना ऊब लागते ती यामुळेच.

आणि हा वायू शेजारच्या आंब्यालाही लागतो. "एक नासका आंबा सगळी आढी नासवतो" असं आपण माणसांबद्दल म्हणतो, पण मुळात ते आंब्याचं अचूक निरीक्षण आहे. ठेचलेलं, चिरलेलं, सडू लागलेलं फळ निरोगी फळापेक्षा कितीतरी जास्त इथिलीन सोडतं. त्याची बुरशी शेजाऱ्याला लागायच्या आधी त्याचा वायू लागतो, शेजारचा आंबा घाईने पिकून मऊ पडतो, आणि मऊ सालीत बुरशीला शिरायला सोपं जातं. ज्यांनी ही म्हण रचली त्यांना वायूचं नाव ठाऊक नव्हतं, पण रोज आढी उघडून एकेक आंबा चाचपण्याची सवय होती.

आढी म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. माळ्यावर किंवा ओटीच्या कोपऱ्यात भाताचा पेंढा पसरायचा, त्यावर आंब्यांचा एक थर, वर पुन्हा पेंढा. पेंढा ऊब धरतो, थोडी दमट हवा धरतो, आणि आंब्यांनी सोडलेलं इथिलीन लगेच उडून जाऊ देत नाही. तरी हवा पूर्ण कोंडतही नाही. तांदळाच्या डब्यात खुपसलेला आंबा लवकर पिकतो तोही असाच. म्हणजे पिकवणगृहात आम्ही जे यंत्रं लावून करतो तेच आजी पेंढ्यात करायची, फक्त वेग आणि मोजमाप वेगळं.

या वायूचा शोध आंब्यामुळे लागला नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या रस्त्यांवर कोळशाच्या वायूचे दिवे होते. जिथे नळी गळायची तिथल्या झाडांची पानं अकाली झडायची. सेंट पीटर्सबर्गमध्ये द्मित्री नेल्युबोव्ह या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाने पाहिलं की प्रयोगशाळेच्या हवेत वाटाण्याचे कोंब वेडेवाकडे वाढतात, बाहेरच्या हवेत मात्र सरळ. १९०१ मध्ये त्याने दाखवून दिलं की हा दिव्याच्या वायूतल्या इथिलीनचा परिणाम आहे. पुढे अमेरिकेत लिंबं पिवळी करायला व्यापारी बंद खोलीत केरोसीनचे स्टोव्ह पेटवायचे आणि उष्णतेने रंग येतो असं समजायचे. १९२४ मध्ये डेनी या संशोधकाने सिद्ध केलं की रंग येतो तो स्टोव्हच्या धुरातल्या इथिलीनमुळे. १९३४ मध्ये इंग्लंडमध्ये रिचर्ड गेन यांनी दाखवलं की पिकणारं सफरचंद हाच वायू स्वतः तयार करतं. आपल्याकडे धुरी देऊन केळी पिकवायची पद्धत होती, तिचंही कोडं इथेच सुटतं. अर्धवट जळणाऱ्या पाल्या-गवताच्या धुरात इथिलीन असतं.

आता कार्बाइड. कॅल्शियम कार्बाइड हा राखाडी, दगडासारखा पदार्थ. वेल्डिंगवाल्यांकडे मिळतो, पूर्वी जत्रेतल्या दुकानांत त्याचेच दिवे असायचे. त्याला पाणी लागलं की ॲसिटिलीन वायू सुटतो आणि मागे विरलेला चुना उरतो, आपल्या पानात असतो तोच. सोबत बरीच उष्णताही निघते.

ॲसिटिलीनने आंबा का पिकतो? कारण त्याची घडण इथिलीनच्या सख्ख्या भावासारखी आहे. दोघांत कार्बनचे दोन-दोनच अणू, फक्त बंधाची संख्या वेगळी. फळाच्या पेशीत इथिलीन ओळखणारी जी प्रथिनं असतात त्यांच्या खोबणीत तांब्याचा एक आयन बसलेला असतो आणि इथिलीन त्यालाच जाऊन चिकटतं. मला आजही याचं नवल वाटतं की आंब्याला आपली वेळ झाल्याचं कळतं ते तांब्याच्या एवढ्याशा कणामुळे. आणि ही प्रथिनं खरं तर ब्रेकसारखी असतात. इथिलीन नसताना ती पिकण्याची क्रिया दाबून धरतात, इथिलीन चिकटलं की ब्रेक सुटतो. ॲसिटिलीनही त्या तांब्याला चिकटू शकतं, पण त्याची पकड इथिलीनच्या तुलनेत शंभर पटींहून अधिक दुबळी. म्हणून तोच परिणाम साधायला ते भरपूर लागतं, आणि पुडीतून किती सुटेल यावर कुणाचाही ताबा नसतो.

धोक्याचं मूळ मात्र ॲसिटिलीनपेक्षा त्याच्यासोबत येणाऱ्या मळात आहे. बाजारातलं कार्बाइड हा कारखान्याचा माल, खाण्याच्या वस्तूसाठी शुद्ध केलेला नव्हे. त्यात फॉस्फरस आणि आर्सेनिकची संयुगं मिसळलेली असतात. पाणी लागलं की त्यांतून फॉस्फीन आणि आर्सीन हे विषारी वायू निघतात. कार्बाइडच्या आंब्याला लसणासारखा वास येतो म्हणतात ना, तो मुख्यतः या फॉस्फीनसारख्या मळाचा. शुद्ध ॲसिटिलीनला जवळजवळ वासच नसतो. प्रत्येक पुडीत मळ किती, फळाच्या सालीवर किती बसला, हे पेटीगणिक बदलणार, आणि म्हणूनच "थोडंसं चालतं" असं म्हणायची सोय नाही. अन्नभेसळीच्या जुन्या नियमांतही यावर बंदी होती, आणि २०११ पासूनच्या अन्नसुरक्षा नियमांतही ती स्पष्ट शब्दांत आहे. २०१६ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने इथिलीन वायूला १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) परवानगी दिली, ती कार्बाइडला खरा पर्याय मिळावा म्हणून.

बातम्यांत ग्राहकाचीच चर्चा होते, पण सगळ्यात जास्त सोसतो तो पुड्या बांधणारा माणूस. कित्येक वर्षांपूर्वी एका गाळ्यात मी हे जवळून पाहिलं. वर्तमानपत्राच्या चौकोनी तुकड्यात चमचाभर कार्बाइड, दोन घड्या, आणि पेटीत आंब्यांच्या मधे सारायचं. आंब्यांतून निघणारी वाफ एवढीच ओल त्याला पुरते. दुसऱ्या दिवशी पेटी उघडली की आत गरम, उग्र हवा आणि पुडीच्या जागी पांढरी फक्की. पुड्या बांधणाऱ्या मामांच्या बोटांची पेरं चुन्याने फाटली होती, डोळे कायम लाल. हातमोजे मागितले तर गाळेमालक म्हणाला, मोज्यांनी काम सावकाश होतं. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात कार्बाइड गन नावाच्या खेळण्याने मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. तो पदार्थ हाच. ॲसिटिलीनचा भडका आणि डोळ्यात उडणारा चुना.

मग पिकवणगृहात वेगळं काय होतं? आंब्याचे क्रेट रचताना मधून हवा फिरेल अशी फट ठेवायची. एका आंब्यात तापमापकाची सुई खुपसून ठेवायची, कारण खोलीचं आणि गराचं तापमान सारखं नसतं. साधारण २० ते २२ अंश सेल्सिअस, दमटपणा ९० टक्क्यांच्या आसपास, आणि १०० पीपीएमपर्यंत इथिलीन, चोवीस तास. १०० पीपीएम म्हणजे हवेच्या दहा हजार भागांत एक भाग. इथिलीन हवेत २.७ टक्क्यांच्या वर गेलं तरच पेट घेऊ शकतं, म्हणजे आम्ही वापरतो त्याच्या दोनशे सत्तर पट. त्यानंतर वायू बंद. तोवर आंब्यांचं स्वतःचं चक्र सुरू झालेलं असतं आणि पुढचं काम ते स्वतःच करतात. इथिलीन हा वायू असल्यामुळे फळात साठून राहत नाही.

यात चूक होत नाही असं मात्र नाही. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका खोलीची हवा बदलायची राहून गेली. आंब्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड आतच साठला. तो एक टक्क्याच्या वर गेला की इथिलीनचाच परिणाम दबतो. पहाटे दार उघडलं तेव्हा हापूसचा घमघमाट यायला हवा होता, त्याऐवजी आंबूस, दारूसारखा दर्प आला. साली हिरव्या-पिवळ्या चट्ट्यांच्या, गर कोमट. दीडशे क्रेट होते, आणि ते एका शेतकऱ्याचं वर्षाचं उत्पन्न होतं. तेव्हापासून आंबे आत गेल्यावर बारा तासांनी दार उघडून हवा बदलल्याशिवाय मी झोपायला गेलो नाही.

बाजारात इथेफॉन नावाचं द्रावणही चालतं. त्यातून इथिलीन सुटतं. नियमाने ते वेगळ्या भांड्यात ठेवून फक्त त्याचा वायू वापरायचा. फळं थेट त्या द्रावणात बुडवायला किंवा त्यावर फवारायला परवानगी नाही. "आमचे इथिलीनचे आहेत" म्हणणाऱ्याला तुम्ही हा एक प्रश्न जरूर विचारा: चेंबरचे की बुडवलेले?

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, जो बातम्यांत येतच नाही. इथिलीन काय किंवा ॲसिटिलीन काय, दोन्ही फक्त इशारा देतात. गोडी ते आणत नाहीत. गोडी येते ती झाडावर असताना आंब्याने गरात साठवलेल्या पिष्टापासून, म्हणजे स्टार्चपासून. पिकताना हे पिष्ट मोडून साखर होते, आम्ल कमी होतं, गराला केशरी रंग येतो. घरी पाहायचं असेल तर कैरीची एक फोड आणि पिकलेल्या हापूसची एक फोड घ्या, दोन्हींवर औषधाच्या दुकानातल्या आयोडीनचे थेंब टाका. तयार कैरीची फोड निळी-काळी पडते, पिकलेल्या फोडीचा रंग फारसा बदलत नाही. मुलीला हा प्रयोग आवडेल. फोडी मात्र नंतर टाकून द्या.

कोकणात काढणीला "चौदा आणे तयार" आंबा म्हणतात. सोळा आण्यांपैकी चौदा, म्हणजे साडेसत्याऐंशी टक्के. देठाजवळ खांदे भरलेले, देठाचा भाग थोडा खोलगट, सालीचा गर्द हिरवा रंग उतरून फिकट झालेला. झेल्याने, म्हणजे काठीला बांधलेल्या जाळीने, देठासकट उतरवायचा, म्हणजे चीक सालीवर सांडून डाग पडत नाहीत. असा आंबा पाण्याच्या बादलीत टाकला की बुडतो, कारण पिष्ट भरल्यामुळे तो पाण्याहून थोडा जड झालेला असतो. बारा आण्यांचा बहुधा तरंगतो. तरंगणारा आंबा कार्बाइडचा, असा संदेश दरवर्षी मोबाइलवर येतो. तो चूक आहे. तरंगणं फक्त एवढंच सांगतं की आंबा अपुरा असताना तोडला.

आणि घाई तिथेच होते. पाडव्याला पहिली पेटी बाजारात आणायची असते, अक्षय्य तृतीयेला घरोघरी आमरस हवा असतो, भाव त्या दिवसांत चढा असतो. मग कोवळा आंबा उतरवला जातो. पी हळद अन् हो गोरी अशी गत. पिवळा होतो, कारण सालीतलं हरितद्रव्य मोडणं हे सोपं काम आहे, एवढ्या-तेवढ्या इशाऱ्यानेही होतं. आतल्या पिष्टाचं काय, ते भरलेलंच नसतं. वासाचंही तसंच. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने हापूसच्या वासावर बारकाईने काम केलं आहे. कैरीच्या वासातली टर्पीन कुळातली द्रव्यं आधीपासून असतात, पण पिकल्यावर येणारा जो मधुर, मलईसारखा गंध, त्यातली लॅक्टोन आणि फ्युरॅनोन ही द्रव्यं पिकतानाच तयार होतात. ज्या आंब्याचं पिकणं अर्ध्यावर राहिलं त्याला हा गंध येतच नाही.

म्हणून मी प्रामाणिकपणे सांगतो: चव किंवा रंग पाहून कार्बाइड ओळखता येत नाही. चौदा आणे तयार आंबा कार्बाइडने पिकवला तरी तो गोड लागू शकतो. आणि कोवळा आंबा उत्तम पिकवणगृहात ठेवला तरी पांचट लागतो. "सगळे आंबे एकसारखे पिवळे म्हणजे कार्बाइड" हेही खरं नाही. पिकवणगृहातले आंबेही एकसारखेच पिकतात, त्यासाठीच ती खोली असते. खायचा सोडा टाकून किंवा काडी पेटवून करायच्या चाचण्यांवर विश्वास ठेवू नका.

संशय घ्यावा अशा खुणा पेटीत असतात. पेटी समोर उघडायला लावा. कागदाची पुडी किंवा पांढरी-राखाडी भुकटी दिसली, पेंढ्याला उग्र लसणी वास आला, तर ती पेटी परत करा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. साल पिवळीधमक पण दाबल्यावर कडक, कापल्यावर कोयीजवळ गर पांढरट आणि आंबट, देठाला नाक लावलं तर काहीच वास नाही, असा आंबा निदान घाईचा आहे, मग वायू कोणताही असो. आत कुठे पांढरा, स्पंजासारखा आंबट भाग निघाला तर त्याला साका म्हणतात. तो हापूसचा अंगभूत दोष आहे, त्यात पिकवणाऱ्याचा हात नसतो आणि बाहेरून तो दिसतही नाही. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून काढलेल्या रत्ना जातीत साका नसतो.

तुमच्यासाठी सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे हिरवे पण तयार आंबे घ्यायचे आणि घरीच पिकवायचे. तळाला पेंढा नसेल तर वर्तमानपत्रं चालतील. आंबे एकमेकांवर न रेलता एका थरात ठेवा, वरून सुती कापड. एखादं पिकलेलं केळं मधे ठेवलंत तर दोन दिवस वाचतात, तेही इथिलीन सोडतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नका, माझ्या त्या खोलीसारखं होईल. मेमधल्या तापलेल्या गच्चीवर किंवा गॅसशेजारीही नको. पस्तीस अंशांच्या वर गर मऊ पडतो, साल हिरवीच राहते आणि चव बिघडते. कच्चा आंबा फ्रिजमध्ये तर मुळीच नको. बारा-तेरा अंशांखाली त्याच्या पेशींना थंडी बाधते, मग बाहेर काढून कितीही वाट पाहिली तरी तो नीट पिकत नाही, सालीवर खड्डे पडतात. पूर्ण पिकल्यावर फ्रिज चालेल. रोज एकदा कापड उचलून प्रत्येक आंबा हातात घ्या, मऊ पडलेला वेगळा काढा. सात-आठ दिवसांत देठापाशी वास सुटायला लागतो.

मुलीसाठी रस काढायच्या आधी आंबे अर्धा तास पाण्यात ठेवा, वाहत्या पाण्याखाली साल चोळून धुवा, पाणी टाकून द्या. सालीवर बसलेलं जे काही असेल त्यातलं बरंचसं इथेच जातं. मग देठ काढून पहिले दोन-चार थेंब पिळून टाका. त्या चिकात तोंडाच्या कोवळ्या कातडीला झोंबणारी द्रव्यं असतात. आंबा खाल्ल्यावर मुलांच्या ओठांभोवती पुरळ येतं, ते पुष्कळदा त्यामुळे, आणि दोष मात्र कार्बाइडला दिला जातो.